किडनीचा आजार आणि मोतीबिंदू : बाकावर बसून विचारलेले प्रश्न

डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायचं, हे माझं काम. भिंग कुठलं घालायचं, थेंब कधी सुरू करायचे, सोबत कोण येणार, हे सगळं झालं की मी शेवटी विचारते, "आणखी काही आजार?" बीपी आणि शुगर लगेच सांगितली जाते. मग खुर्चीतून उठता उठता मुलगा म्हणतो, "हां, बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. पण त्याचा डोळ्याशी काय संबंध?"

हे पान त्या उठता उठता निघालेल्या वाक्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. रोज डॉक्टरांच्या शेजारी बसून जे ऐकलं, विचारून घेतलं आणि शेकडो वेळा सांगितलं, ते इथे लिहिलंय. तुमच्या औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच करायचा.

किडनीचा आजार असला की मोतीबिंदू होतोच का?

होतोच असं नाही. वय वाढलं की मोतीबिंदू बहुतेकांना गाठतोच. किडनीच्या जुनाट आजारात तो लवकर येण्याची शक्यता वाढते, एवढंच. 'जुनाट' याचा अर्थही ठरलेला आहे. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून छापलेला आकडा, तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असणं, किंवा तेवढाच काळ लघवीतून प्रथिनं जात राहणं. आकडा १५ च्या खाली गेला की तो पाचवा, शेवटचा टप्पा.

हे कुणी मोजून बघितलंय का?

हो. तैवान आणि दक्षिण कोरियात जवळजवळ सगळ्या नागरिकांना राष्ट्रीय आरोग्य विमा आहे, त्यामुळे लाखो लोकांच्या आजारांच्या नोंदी वर्षानुवर्षं एकाच जागी साठत जातात. त्या नोंदी चाळल्यावर किडनीच्या पेशंटांमध्ये मोतीबिंदूचं प्रमाण जास्त दिसलं. वय, मधुमेह, रक्तदाब हिशेबात धरल्यावरही फरक पुरता पुसला गेला नाही. कोरियात उलट्या दिशेनंही पाहिलं, तर मोतीबिंदू असलेल्यांमध्ये पुढे किडनीचा आजार जास्त आढळला.

हे दुसरं ऐकून एक आजी घाबरल्या होत्या. "म्हणजे मोतीबिंदूनं माझी किडनी खराब होणार?" तसं नव्हे. भिंगातला पांढरेपणा किडनीला काही करत नाही. दोन्ही अवयवांना तीच जुनी कारणं आतून पोखरत असतात, आणि कुणाचा डोळा आधी बोलतो, कुणाची किडनी. शिवाय माणसानं किती वर्षं उन्हात काम केलं, हे विम्याच्या कागदावर उतरत नाही. म्हणून संबंध आहे हे पक्कं धरावं. त्यातला किती भाग खुद्द किडनीचा, यावर वाद घालत बसू नये.

भिंगात नेमकं बिघडतं काय?

भिंग बुबुळाच्या मागे असतं. साधारण मसुराच्या दाण्याच्या आकाराचं, पण मोठं: ९-१० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटरच्या आसपास जाड. त्यात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि उरलेली जवळपास सगळी प्रथिनं. त्यात रक्तवाहिनी एकही नाही, कारण असती तर आरपार दिसलंच नसतं. त्याचं खाणंपिणं आजूबाजूच्या पाण्यातून चालतं, आणि ते पाणी रक्तातूनच तयार होतं. रक्तात जे साचतं, ते थोड्याफार प्रमाणात इथेही पोहोचतं.

आणखी एक गोष्ट. कातडी झिजते आणि नवी येते, पण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असताना तयार झालेली असतात आणि ती आयुष्यभर तीच राहतात. त्यांना इजा झाली तर बदली मिळत नाही. साबुदाणा शिजला की पांढऱ्याचा काचेसारखा होतो, तो घरच्या बायकांना माहीत असतो. मी त्यांना सांगते, भिंगाचा प्रवास याच्या बरोब्बर उलटा.

आता किडनी. ती नीट गाळत नसेल तर रक्तात युरिया वाढतो. युरियातून थोडं सायनेट तयार होत राहतं, आणि हे सायनेट प्रथिनांना चिकटून त्यांची घडी विस्कटून टाकतं. या प्रकाराला कार्बामायलेशन म्हणतात. घडी विस्कटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, उजेड सरळ जायचा तो विखुरतो. प्रयोगशाळेत भिंगाच्या प्रथिनांवर हे घडताना दाखवलेलं आहे. जिवंत माणसात त्याचा वाटा किती, हे मोजणं अवघड.

याच धाग्यावरचा एक जुना किस्सा मला फार आवडतो. १९८४ साली मध्य भारतातल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांना आयुष्यात जबर हगवणीनं किंवा उष्माघातानं शरीर कोरडं पडण्याचे प्रसंग आले, त्यांच्यात मोतीबिंदू जास्त होता. शरीर कोरडं पडलं की युरिया चढतो, सायनेट वाढतं, असा तर्क लावला गेला. पुढे भारतातच दुसरीकडे पाहिलं तेव्हा तो संबंध तसा सापडला नाही. ॲस्पिरिननं हे चिकटणं रोखता येईल अशीही आशा होती. मोठ्या चाचण्यांत तिचा उपयोग दिसला नाही. तेव्हा मोतीबिंदू टाळायला म्हणून कुणी ॲस्पिरिन घेऊ नये. किडनीच्या पेशंटनं तर मनानं मुळीच नाही.

दुसरं कारण कॅल्शियमचं. किडनी बिघडली की ड जीवनसत्त्व पुरेसं कामाला येत नाही, फॉस्फरस वाढतो, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं. कॅल्शियम दीर्घकाळ कमी राहिलं की मोतीबिंदू होतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी काढलेल्या पेशंटनं कॅल्शियमच्या गोळ्यांबाबत चुकारपणा करू नये, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण खरा गुन्हेगार मधुमेहच ना?

बऱ्याच जणांच्या बाबतीत, हो. साखर जास्त राहिली की भिंगात ती सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलते. सॉर्बिटॉल सहज बाहेर पडत नाही आणि पाणी ओढून घेतो, त्यामुळे भिंग फुगतं. साखर वर-खाली होताना चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातात. हाच मधुमेह किडनीच्या गाळण्यांना भोकं पाडतो. भारतात किडनी निकामी होण्याचं मोठं कारण तोच.

मात्र मधुमेह नसलेलेही कित्येक डायलिसिसला येतात: मुतखड्यानं, रक्तदाबानं, लहानपणापासूनच्या आजारानं, वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी. आंध्रातल्या श्रीकाकुळम जिल्ह्यात उद्दानम म्हणून भाग आहे. तिथे शेतात राबणाऱ्या माणसांना किडनीचा आजार इतका होतो की जगभरचे लोक अभ्यासाला येतात, आणि ठोस कारण अजून हाती लागलेलं नाही. दिवसभर उन्हात काम करणाऱ्याच्या डोळ्याला अतिनील किरणांचा मारही बसतो, आणि त्यानं भिंगाच्या कडेचा मोतीबिंदू वाढतो हे सिद्ध आहे. "मला शुगर नाही, म्हणजे डोळ्याला धोका नाही," असं किडनीच्या पेशंटनं म्हणू नये.

किडनीसाठी स्टेरॉइड चालू आहे. त्यानं काय होतं?

मला विचाराल तर या सबंध पानात जास्तीत जास्त लक्ष द्यावं असा हा मुद्दा. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये (लघवीतून खूप प्रथिनं जातात आणि अंगावर सूज येते), ल्युपसमुळे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) बिघडलेल्या किडनीत, किडनी बदलल्यावर, प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड महिनोन्‌महिने द्यावं लागतं. ते नसतं तर किडनी वाचली नसती, म्हणून त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. पण त्यानं भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध, साईसारखा थर धरू शकतो.

जागा मधली असल्यामुळे त्रास लवकर जाणवतो, आणि वेगळ्या पद्धतीनं. उन्हात गेलं की बाहुली लहान होते आणि सगळी नजर त्या ढगातूनच जायला लागते. म्हणून भर दुपारी धूसर, संध्याकाळी बरं. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपतात. लांबचं फळ्यावरचं वाचता येतं आणि हातातलं पुस्तक त्रास देतं.

नेफ्रॉटिकच्या मुलांचे आईबाप येतात तेव्हा मी एकच सांगते. सूज आली, लघवीत प्रथिनं किती, याची वही तुम्ही ठेवताच; त्याच वहीत वर्षातून निदान एकदा डोळे तपासल्याची तारीख लिहा. मूल स्वतः सांगत नाही. त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. स्टेरॉइडनं डोळ्यातला दाबही वाढू शकतो, त्यातून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो गुपचूप येतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही. आणि घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. ते अधिक धोक्याचं.

किडनी बदलली. आता डोळ्याचा प्रश्न मिटला ना?

युरिया खाली आला, रक्त सुधारलं, हे खरं. पण नवी किडनी टिकावी म्हणून स्टेरॉइड आणि इतर औषधं सुरू राहतात, त्यामुळे मोतीबिंदूची शक्यता उरतेच. वर्षातून एकदा तपासणी ठेवा.

इथे एक नाव आठवतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने, ज्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि नव्वदच्या दशकात आईनं, अंजनाबाईंनी, आपली एक किडनी दिली. त्यानंतर त्यांनी मोतीबिंदूची जी ऑपरेशनं केली ती एक लाखावर. किडनी बदललेल्या पेशंटला धीर द्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

डायलिसिस झालं की धूसर दिसतं. मोतीबिंदू वाढतोय का?

दोन-तीन तासांत मोतीबिंदू वाढत नाही. डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया भराभर उतरतो, पण भिंगातला तेवढ्या वेगानं उतरत नाही. मग पाणी आत ओढलं जातं, भिंग थोडं फुगतं आणि नजर हलते. बीपी उतरलं तरी डोळ्यापुढे अंधारी येते. बहुधा काही तासांत निवळतं. चष्म्याचा नंबर काढायचा तर डायलिसिस नसलेल्या दिवशी काढा.

पण एका डोळ्यानं एकाएकी, दुखल्याशिवाय, दिसायचं बंद झालं आणि परत आलं नाही, तर वाट बघायची नाही. बीपी खूप उतरल्यानं डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडलेलं असू शकतं. "उद्या दाखवू" म्हणण्याची ती वेळ नव्हे.

डोळे सतत लाल होतात, खुपतात. तोही मोतीबिंदू?

नाही. साध्या मोतीबिंदूत डोळा सहसा ना दुखतो, ना लाल होतो. डायलिसिसच्या पेशंटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचे बारीक कण डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसतात, त्यानं लाली येते. कोरडेपणाही असतो. दाखवून घ्या.

क्रिएटिनिन किती झाल्यावर डोळे तपासायचे?

क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते दाखवणारा रक्ताच्या रिपोर्टवरचा आकडा) वाढण्याची वाट बघू नका. मधुमेह असेल तर निदान झालं तेव्हाच, आणि मग दरवर्षी. स्टेरॉइड असेल तर वर सांगितलं तसं. दोन्ही नसेल तरी किडनीचा आजार कळल्यावर एकदा बाहुली मोठी करून सबंध डोळा बघून घ्यावा. नुसता नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं होत नाही. थेंब टाकल्यावर चार-पाच तास जवळचं नीट दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी स्वतः स्कूटर चालवत येऊ नका.

जन्मतःच दोन्ही असू शकतं का?

क्वचित. लोवे सिंड्रोम नावाचा एक आजार आहे, १९५२ साली पहिल्यांदा वर्णन झालेला. तो जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. मूल दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन येतं आणि किडनीच्या नलिकांतून नको ते वाहून जायला लागतं. आल्पोर्ट सिंड्रोममध्ये भिंग पुढच्या बाजूनं टोकदार होतं, सोबत लघवीतून रक्त आणि कमी ऐकू येणं. तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर बालरोगतज्ज्ञ लघवीची तपासणी का लिहून देतात, हे त्यातून कळावं.

थेंबांनी, काढ्यानं, गाजराच्या रसानं जातो का?

नाही जात. मोतीबिंदू विरघळवणारं सिद्ध झालेलं औषध आजतागायत नाही. यात पैसे जातात ते जातातच, पण किडनीच्या पेशंटचं दुसरं नुकसान होतं, आणि ते मी पाहिलंय. "डोळ्याला चांगलं" म्हणून एक काका रोज पेलाभर गाजर-पालकाचा रस घेत होते. किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि या रसात ते भरपूर. ऑपरेशनच्या आदल्या तपासणीत पोटॅशियम इतकं चढलेलं निघालं की त्यांना आमच्याकडून थेट डायलिसिसला पाठवावं लागलं. घरात कुणी वाईट हेतूनं काही केलेलं नव्हतं. सून रोज सकाळी उठून मिक्सर लावत होती.

कमरख (स्टारफ्रूट) हे फळ तर किडनीच्या पेशंटनं चाखूही नये. त्यातला विषारी अंश मेंदूवर जातो. कुठलं भस्म चालू असेल तर किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, काही भस्मांत जड धातू निघतात. डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी घालू नका. डायलिसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते.

तंबाखू-सिगारेट सोडणं आणि उन्हात टोपी घालणं, या दोन गोष्टी मात्र खरोखर उपयोगाच्या. फुकटच्या आहेत म्हणून त्या कुणी लिहून घेत नाही.

डायलिसिसवरच्या माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येतं का?

येतं, आणि नेहमी होतं. "किडनी खराब आहे, आता डोळ्याला कशाला हात लावायचा" म्हणत घरचे वर्षानुवर्षं थांबतात, तेव्हा मला वाईट वाटतं. मोतीबिंदू पिकून कडक झाला की ऑपरेशन उलट अवघड होतं. थांबण्यानं किडनीला काही मिळत नाही. आपल्या देशात २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे बरी होणारी गोष्ट बरी न करता राहिलेली.

ऑपरेशन छोटं असतं. आत अल्ट्रासाऊंडनं भिंग फोडून ओढून घेतात आणि घडी केलेलं नवं भिंग बसवतात. पूर्ण भूल लागत नाही. बऱ्याचदा थेंबांची भूल पुरते. पण तयारी वेगळी लागते.

दिवस ठरवताना डायलिसिसचं वेळापत्रक पुढ्यात ठेवायचं. डायलिसिस करताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. त्याचा असर काही तासांत ओसरतो, तरी त्याच दिवशी भुलीसाठी डोळ्याला सुई टोचायची असेल तर रक्तस्रावाची भीती. म्हणून साधारणपणे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी अंगातलं जास्तीचं पाणीही निघालेलं असतं, पोटॅशियमही ताळ्यावर असतं. दोन डायलिसिसमधलं मोठं अंतर संपत आलेलं असताना ऑपरेशन ठरवू नका.

ऑपरेशन टेबलावर वीस-पंचवीस मिनिटं सपाट झोपावं लागतं, तोंडावर कापड असतं. अंगात पाणी भरलेल्या पेशंटला सपाट झोपलं की धाप लागते. मी प्रत्येकाला विचारते, "घरी किती उशा घेऊन झोपता?" तीन म्हणाले की डॉक्टरांना आधी जाऊन सांगते. त्या एका प्रश्नानं बऱ्याच तारखा पुढे गेल्यात.

फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशननं नस जोडून घेतलेला, हात जपायचा. त्या हातावर बीपीचा पट्टा नको, सलाईन नको, रक्त काढणं नको. थिएटरमध्ये सगळ्यांनाच घाई असते आणि पेशंट घाबरून गप्प असतो. म्हणून आमच्याकडे बाहेरच त्या हाताला रुंद चिकटपट्टी लावून त्यावर पेननं फुली मारतो. साधा उपाय आहे, पण चालतो.

चालू गोळ्या बंद करायच्या का?

मनानं एकही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या बऱ्याचदा चालूच ठेवतात, पण त्या आहेत हे सर्जनला माहीत हवं. पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन असेल तर तेही आठवणीनं सांगा. त्यानं बुबुळ ढिलं पडतं आणि ऑपरेशनच्या मधोमध फडफडतं. आधी गोळी बंद करूनही हा परिणाम खात्रीनं जात नाही. सर्जनला माहीत असलं की तो तयारीत असतो. इन्सुलिनवाल्यांनी उपाशी राहून इन्सुलिन घेतलं आणि साखर घसरली, हे दर महिन्याला कुणाचं तरी होतं. म्हणून विचारून घ्या.

ऑपरेशननंतरच्या औषधांत काय सांभाळायचं?

डोळ्यात घालायचे थेंब सहसा चालतात. अडचण पोटात घ्यायच्या गोळ्यांची.

पहिली डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड. डोळ्यातला दाब उतरवायला ती सर्रास दिली जाते. ती किडनीवाटेच बाहेर पडते. किडनी चालत नसली की अंगात साचते, रक्तात आम्ल वाढतं, माणूस गुंगीत जातो, बरळायला लागतो. घरच्यांना वाटतं ऑपरेशननं डोक्यावर परिणाम झाला. डायलिसिसवरच्या पेशंटनं ही गोळी हातात पडली तर गिळण्याआधी विचारायलाच हवं. दाब उतरवायला दिलं जाणारं मॅनिटॉलचं सलाईनही तसंच: लघवी होत नसेल तर ते अंगात राहतं आणि पाणी फुप्फुसात भरतं.

दुसरी वेदनाशामकं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला मारक. डोळा दुखला तर पॅरासिटामॉल, आणि तेही विचारून. अँटिबायोटिकच्या काही गोळ्यांचा डोस किडनीप्रमाणे कमी करावा लागतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला किडनीचं माहीतच नसेल तर तो तरी काय करणार?

डोळ्याच्या अँजिओग्राफीतला रंग किडनीला घातक असतो का?

सीटी स्कॅनचा आणि हृदयाच्या अँजिओग्राफीचा रंग वेगळा. त्याला किडनीचे डॉक्टर जपतात. डोळ्यासाठी वापरतात ते फ्लुरेसिन. ते किडनीला सहसा इजा करत नाही. कातडी आणि लघवी पिवळीधमक होते, दिवसभरात उतरते. किडनी मंद असेल तर जरा जास्त वेळ. तरी सांगून ठेवा.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले, तरी दिसत का नाही?

कॅमेऱ्याची काच बदलली, पण आतली फिल्म खराब असली तर फोटो चांगला कसा येणार? मधुमेहानं ज्याची किडनी गेली, त्याच्या डोळ्याच्या पडद्यावरही बहुतेक वेळा परिणाम झालेला असतो, कारण दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्यांची दुखणी एकाच जातीची. म्हणून ऑपरेशनआधी पडदा तपासतात. मोतीबिंदू दाट असून आतलं दिसत नसेल तर सोनोग्राफी करतात. पडद्यावर सूज असेल तर आधी डोळ्यात इंजेक्शन, मग मोतीबिंदू, असाही क्रम लागतो.

हे आधी नीट सांगितलं नाही तर घरचे डॉक्टरांना दोष देतात, आणि मला ते समजतं. तुम्हीच विचारा: "पडदा कसा आहे? ऑपरेशननंतर किती दिसेल असं वाटतं?" मोघम उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा.

प्रत्यारोपण ठरतंय. आधी डोळा की आधी किडनी?

दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. मोतीबिंदूनं रोजचं काम अडलं असेल तर डोळ्याचं ऑपरेशन सहसा प्रत्यारोपणासाठी थांबवत नाहीत. किडनी नुकतीच बदलली असेल तर औषधांचे डोस जरा स्थिरावू देतात.

मोतीबिंदू काढल्यानं किडनी सुधारते का?

नाही. पण किडनीची देखभाल सुधारते. घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. पिशवीची नळी जोडताना टोपण कुठे टेकतंय ते दिसत नव्हतं, बोटानं चाचपून जोडायच्या. चाचपलं की जंतू लागतात आणि पोटात संसर्ग होतो. त्यांना तो दोनदा झालेला. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यानं आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, टोपणावरची रेघ दिसली हो." इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे, गोळ्यांच्या पाकिटांची नावं, न्हाणीघरातली ओली फरशी, सगळं यातच आलं.

खर्चाचं काय?

सरकारी आणि जिल्हा रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. डायलिसिससाठी २०१६ चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, आणि महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना. शिबिरात ऑपरेशन करायचं असेल तर किडनीचं नाव नोंदणीच्या टेबलावरच काढा. अशा पेशंटला शिबिराच्या गर्दीऐवजी जिथे फिजिशियन हाताशी आहे अशा रुग्णालयात करणं बरं.

येताना कुठले कागद आणायचे?

किडनीची फाईल. सगळी. "डोळ्याचं काम आहे, ते कागद कशाला" म्हणून ती घरी ठेवून येऊ नका. निदान शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिसचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, डायलिसिसचे वार आणि कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन. परत डायलिसिसला जाताना डोळ्याच्या औषधांची चिठ्ठी तिकडे दाखवा. आणि डायलिसिस सेंटरचा फोन नंबर फाईलच्या पहिल्या पानावर जाड पेननं, मोठ्या अक्षरात लिहून आणा, कारण तो लागेल तेव्हा पेशंटच्या एका डोळ्यावर पट्टी असेल आणि दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा असेल.